कोणाची उजवी?

आमच्या सरांबरोबर रिक्षात बसायचं मी टाळायचे. रिक्षावाल्यानं सहज विचारलं, "साहेब, चौकातून उजवीकडं घेऊ का?" की सर पुढे वाकून गंभीरपणे विचारणार, "कोणाची उजवी?" रिक्षावाला मागे वळून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघणार. दोघांची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे दोघांची उजवी एकच, हे सरांना कळत नव्हतं असं नाही. पण उजवी म्हटलं की कोणाची, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. न्हाव्याला, टेलरला, दाताच्या डॉक्टरला, सगळ्यांना त्यांनी हे विचारलेलं आहे. टेलरनं तर एकदा कंटाळून शर्टाला दोन्हीकडे खिसे लावून दिले. सर इतके खूश झाले की पुढचे सगळे शर्ट त्यांनी तसेच शिवून घेतले.

यवतमाळच्या एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये मी काउंटरवर होते आणि सर तिथले मोठे डॉक्टर. मूळचे उमरखेडकडचे. आयुष्य मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत काढून निवृत्तीनंतर आपल्या जिल्ह्यात परत आले होते. आमच्याकडे पेट स्कॅनचं मशीन होतं. पेशंटला किरणं सोडणारी साखर टोचायची, अंधाऱ्या खोलीत तासभर गप्प पडू द्यायचं आणि मग मशीनमध्ये सरकवायचं. शरीराचा जो भाग जास्त साखर खातो तो चित्रात जास्त उजळ दिसतो. येणारे बहुतेक कॅन्सरचे पेशंट. मंगळवारची सकाळ मात्र मालकांनी सरांना संशोधनासाठी देऊन टाकली होती, आणि त्या सकाळी सर निरोगी माणसांचे मेंदू बघत.

निरोगी माणसांचेच का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. सरांनी टेबलावरचं मेंदूचं एक चित्र उचललं, त्याची मधोमध घडी घातली आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "बघ. डावी बाजू उजवीवर टेकवली तरी जुळत नाही. इथे ही जास्त उजळ, तिथे ती. एकीतून दुसरी वजा करायची. जे उरतं ते माझं." मग घडी उलगडत म्हणाले, "धडधाकट माणूस किती वाकडा असतो हे आधी मोजलं पाहिजे. नाहीतर जो वाकडा दिसेल त्याला आपण आजारी ठरवू." हे वाक्य ते येताजाता म्हणत. मालक आसपास असले की जरा मोठ्यानं म्हणत.

त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा होता. इतर माणसं अशा वेळी एका पायाला चावणारी चप्पल मुकाट्यानं घालतात. सर एक मोठा आणि एक लहान असे दोन जोड घेत, त्यातली एकेक चप्पल वापरत आणि उरलेला उलटा जोड केबिनच्या कपाटात जपून ठेवत. "डावा लहान आणि उजवा मोठा असा कोणीतरी असेलच ना," असं त्यांचं म्हणणं. नवा माणूस आत आला, मग तो औषध कंपनीचा असो की मालकांचा साडू, सरांची नजर आधी त्याच्या पायांवर जाई. तसा माणूस काही मिळाला नाही. कपाट मात्र भरत गेलं.

माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं तेव्हा बायोडेट्याला लावायचा माझा फोटो सरांच्या हाती पडला. दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांनी त्याचे दोन फोटो करून आणले. एक माझ्या दोन डाव्या अर्ध्या चेहऱ्यांचा, दुसरा दोन उजव्यांचा. पहिल्यात मी गौरीच्या मुखवट्यासारखी प्रसन्न होते. दुसऱ्यात ट्रॅफिक हवालदारीण. "दोन्ही पाठव," सर म्हणाले, "मुलाकडच्यांना अंधारात ठेवू नये." घरी आईनं दुसरा फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही कोण व? आपल्यातली आहे का?"

मी खरोखरच दोन्ही पाठवले. म्हटलं, बघू तरी. आर्णीजवळच्या एका गावातून निरोप आला. मुलाचं आर्णीला बी-बियाण्याचं दुकान, घरी कापूस, तूर आणि सोयाबीन. त्यानं म्हणे सांगितलं, "ते दुसरी हाय ना, ते मले पसंत हाय. ते कोणाचं ऐकून घेत नसन." बाकी स्थळांनी पगार विचारला, उंची विचारली. या एका माणसानं हवालदारीण मागितली. मला तो न बघताच आवडला आणि बघितल्यावर आणखी आवडला. हे लग्न व्हावं असं माझ्या मनानं घेतलं होतं, हे इथेच सांगून टाकते. पुढचं कळायला सोपं जाईल.

आता निरोगी माणसांबद्दल. ती मिळवायचं काम माझ्याकडे होतं, आणि तितकं कठीण काम त्या सेंटरमध्ये दुसरं नव्हतं. आमच्याकडे माणूस आजारी असल्याचं चारचौघांत सांगतो, पण तब्येत उत्तम आहे असं तोंडातून काढत नाही. नजर लागते. ठणठणीत माणसाला विचारा, तो म्हणेल, "चालून राह्यलं बाप्पा कसंतरी." सर ते जसंच्या तसं घेत आणि त्याला परत पाठवत. उलट जे स्वतः होऊन येत ते म्हणत, "मले काहीच नाही जी, फक्त शुगर आहे, बीपी आहे, आन् हे गुडघे." त्यांना परत पाठवलं की ते चिडत. नाही म्हटल्याचं दुःख एवढं, की जणू नोकरीच हुकली.

त्यात उपाशीपोटी यावं लागे. "काही न खाता या," असं मी बजावून सांगायचे. "उपास ना? जमते मले," म्हणत माणसं यायची आणि साबुदाण्याची उसळ खाऊन यायची. वर दाण्याचा लाडू. सर कपाळावर हात मारून घेत. हात मारून झाला की कोणत्या हातानं मारला तेही बघत.

सर एरवी समजूतदार होते. कोणाच्या डब्यातली भाजी खारट असली तरी छान झाली म्हणत. पण बाजूच्या बाबतीत त्यांना खोटं चालत नसे. याला कारण होतं. आपण जे सांगू ते मशीन खरं धरतं. पेशंट उताणा आहे की पालथा, डोकं आत आहे की पाय, हे टेक्निशियन भरतो, आणि तिथे चूक झाली की आख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. जुन्या हॉस्पिटलात असं एकदा झालं होतं. सर कित्येक आठवडे डाव्याला उजवं समजून वजाबाक्या करत बसले होते. तेव्हापासून मशीनवरचा विश्वास त्यांनी काढून घेतला. सुई टोचायच्या आधी ते स्वतः प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर एक लहानशी काळी टिकली चिकटवत. मशीनमध्ये घालताना टेक्निशियन त्या टिकलीवर त्याच किरणांच्या औषधाचा थेंब लावलेला कापूस बसवी, आणि चित्रात तिथे एक ठळक ठिपका दिसे. मशीन काहीही म्हणो, ठिपका असेल ती उजवी.

गावाकडच्या बायकांना ही टिकली फार पटली. डॉक्टर शहाणे आहेत, म्हणत. निरोगी माणूस म्हणून चारचौघांत बसवायचं तर तीट लावायलाच पाहिजे.

आमच्याकडे मुलगी बघायचा कार्यक्रम झाला तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, मी काय काम करते. मी सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "मंग आमचं पाहा ना एकदा. आजलोक एक गोळी नाही खाल्ली मी. माह्या डोक्यात काय आहे ते कोणी पाह्यलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे सेंटरमध्ये गंमत म्हणून सांगितलं. सरांचा चहाचा कप हवेतच थांबला. "एकही गोळी नाही?"

अशा रीतीनं मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली आणि मुलीकडच्यांनी सासऱ्याचा मेंदू पाहायचं ठरवलं. मंगळवारी ते आले. सोबत माझ्या होणाऱ्या सासूबाईही आल्या, कारण त्यांच्याशिवाय हे गृहस्थ आर्णीच्या बाजाराच्या पुढे गेले नव्हते. सरांनी त्यांना औषधाचे किरण किती, धोका किती, कधीही नको म्हणता येईल, सगळं समजावून सांगितलं. रक्तदाब, साखर, सगळं तपासलं. सर हरखून गेले. कानशिलावर टिकली लावली, दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि औषधाची गाडी आली का बघायला फाटकाकडे गेले. औषध नागपूरहून गाडीनं येई आणि त्यातली किरणं वाटेतच विरत जात, म्हणून मंगळवारी सर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवर वैयक्तिक राग धरत. गाडी आली, सुई झाली, स्कॅन झाला, मंडळी जेवून एसटीनं परत गेली.

संध्याकाळी सर केबिनमधून बाहेर आले ते एकाच पायात चप्पल घालून. सर खूप खूश झाले की त्यांची शहरी भाषा गळून पडत असे.

"पोरी, सापडला ना मले."

"कोण सर? चपलांचा माणूस?"

"तुहा सासरा."

मी काउंटरवरून उठलेच. "आजारी आहेत का?"

"आजारी कायले? ठणठणीत हाय. फक्त उलटा हाय." त्यांनी चित्र माझ्यासमोर धरलं. मशीननं ठिपका डावीकडे दाखवला होता. म्हणजे टेक्निशियननं भरताना काहीतरी चुकवलं आणि मशीननं चित्र उलटं काढलं, असा सरांचा हिशेब. त्यांनी ते सरळ करून घेतलं, आणि सरळ केल्यावर दिसलं की इतर सगळ्यांची जी बाजू किंचित उजळ, ती यांची मंद, आणि जी मंद ती उजळ. नेमकी आरशातली प्रतिमा, तीही आयुष्यात गोळी न खाल्लेल्या माणसात. इतकी वर्षं सर हाच माणूस शोधत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांच्यासाठी आनंदही झाला आणि स्वतःसाठी भीतीही वाटली.

"सर, सुपारी फुटेपर्यंत कोणाला सांगू नका."

"कोणाला कशाला सांगेन? त्यांचं त्यांनाच सांगेन. त्यांचा हक्क आहे."

माझी चूक एवढीच म्हणा, की सुपारीच्या कार्यक्रमाला मी सरांना आधीच बोलावून बसले होते. सुपारी मुलाच्या घरी होती. अंगणात सतरंज्या, मधे पाटावर ताम्हण, ताम्हणात सुपारी, भोवती दोन्हीकडची वडीलधारी माणसं. सर दोन खिशांचा शर्ट घालून आले, चपला काढल्या, सासऱ्यांकडे सरळ गेले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना हळू बोलायचं होतं, असं ते पुढे नेहमी सांगत. पण सरांचं हळू म्हणजे मशीनच्या आवाजावरून पेशंटला ऐकू जाईल एवढं.

"अभिनंदन," सर म्हणाले. "तुमचा मेंदू उलटा आहे."

सतरंजीवरच्या सगळ्या माना सासऱ्यांकडे वळल्या. मग सासऱ्यांचे थोरले भाऊ पानाला चुना लावता लावता म्हणाले, "यात नवं काय? आमी लहानपणापासून सांगून राह्यलो, उलट्या खोपडीचा हाय म्हणून. आता मशीनीत बी आलं."

अख्खं अंगण हसलं. माझे बाबासुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांना आठवलं की आपण मुलीकडचे आहोत.

सासरे हसले नाहीत. "घरी बलावायचं, चहा पाजायचा, आन् भर बैठकीत उलट्या खोपडीचा म्हणवून घ्यायचं," ते म्हणाले. "पोरगी त्याईच्याच हाताखाली काम करते ना? उद्या घरात येऊन हेच म्हणन. राहू द्या ते सुपारी तशीच."

नवरा मुलगा उठायला लागला तर त्याला काकांनी खाली बसवलं. मी सरांना शर्टाच्या बाहीला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं. साहेबाला कोणी असं नेत नाही, पण तेव्हा माझा उजवा अर्धा चेहरा जागा झाला होता.

"सर, जाऊन एवढंच म्हणा की मेंदू सगळ्यांसारखा आहे. एवढंच."

"पण नाहीये तो सगळ्यांसारखा."

"माझं लग्न मोडून राह्यलं सर."

सरांचा चेहरा पडला. "तू म्हणशील तर मी त्यांचे पाय धरतो. म्हातारा आहे, वेडा आहे, काहीही सांगतो. पण डावं ते उजवं म्हणून नाही सांगू शकत ग. हे बघ तूच." त्यांनी खिशातून घडी केलेलं ते चित्र काढलं. घडी अर्थातच मधोमध होती. "हा ठिपका. मशीन चुकलं असेल, टेक्निशियन चुकला असेल. पण टिकली मी माझ्या हातानं लावली होती. त्यांच्या उजव्या कानशिलावर."

सासूबाई चहाच्या कपांचं ताट घेऊन आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. माणसं भांडत असली तरी चहा थंड होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी चित्रात डोकावून पाहिलं.

"हे तीट ना?"

"हो," सर म्हणाले.

"तुमी उजवीकडंच लावली होती जी. मंग मी बाकावर बसल्या बसल्या काढून डावीकडं लावली. उजवीकडं कोणी तीट लावते का? आमच्या घरी लेकराले डाव्या अंगानंच लावतात." आणि ताट पुढे केलं. "घ्या, साखर कमी आहे."

सरांनी कप उचलला नाही. ते चित्राकडे बघत राहिले. मशीन बरोबर होतं, टेक्निशियन बरोबर होता, आणि चित्र सरळ करायच्या नादात ते उलटं सरांनीच केलं होतं. त्यांनी कागद उलटा करून उजेडात धरला, मागच्या बाजूनं पाहिला, आणि तिथे बाकी सगळ्या धडधाकट माणसांसारखा एक साधा वाकडा मेंदू होता. सरांचा एकुलता एक उलटा माणूस गोठ्यापाशी उभ्या उभ्या हातातून गेला. माझं लग्न वाचलं हे मला कळलं होतं, तरी मला रडू आलं ते त्यांच्यासाठी.

मग सर हसायला लागले. खांदे हलवून, आवाज न करता. हसून झाल्यावर त्यांनी चहा एका दमात संपवला आणि बैठकीत जाऊन उभे राहिले. "माफ करा," ते म्हणाले. "यांचा मेंदू एकदम सरळ आहे. जसा तुमचा, जसा माझा. मी कागद उलटा धरला होता. उलट्या खोपडीचा मी."

थोरले काका खट्टू झाले. आणि सासरे, ज्यांनी या एका शब्दावरून सुपारी थांबवली होती, ते सतरंजीवरून पुढे सरकून म्हणाले, "म्हणजे अशा डोक्याचा जिल्ह्यात मी एकटा नाही?"

"नाही."

"सगळ्याइसारखाच?"

"अगदी सगळ्यांसारखा."

"मंग इतक्या दुरून आले कायले तुमी?" असं म्हणून त्यांनी सुपारी उचलली आणि अडकित्ता मागितला.

लग्नानंतर मी सासरी, आर्णीजवळच्या गावी राहायला आले. यवतमाळला एसटीनं जाऊनयेऊन काही दिवस काम केलं. सर टिकलीऐवजी आता शाईनं खूण करायला लागले होते, आणि प्रत्येक पेशंटच्या बायकोकडे संशयानं बघत. पुढे मालकांना मंगळवारची सकाळही पेशंटसाठी लागायला लागली. सरांनी कुरकुर केली नाही. केबिन रिकामी केली, उलट्या चपलांचे जोड वॉचमनला दिले, आणि उमरखेडला धाकट्या बहिणीकडे राहायला निघाले. वाटेत आर्णीला उतरून आमच्याकडे आले.

जेवणं झाली. सासरे त्यांना म्हणाले, "परत एकदा पाहून घ्या ना डोकं. काय सांगावं." सर म्हणाले, आता मशीन नाही. एसटीची वेळ झाली तेव्हा सासूबाई आतून काजळाची डबी घेऊन आल्या.

"इतक्या हुशार माणसाले नजर लागते," त्या म्हणाल्या. "बसा इथं. तुमाले उजवीकडं पाह्यजे ना? आज उजवीकडंच लावतो."

सर खुर्चीवर बसले, सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. सगळी लेकरं जिनं अशीच समोर बसवून वाढवली, त्या बाईचा हात सवयीनं सरळ पुढे गेला आणि आपल्या उजव्या हाताच्या बाजूला टेकला. म्हणजे सरांच्या डाव्या कानशिलावर. काळी, गोल, चांगली ठसठशीत तीट.

मी दारात उभी होते. आता सर विचारणार, कोणाची उजवी, म्हणून मी श्वास धरला.

सासूबाई मागे सरून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. "लागली ना बराबर? उजवीकडं?"

सरांनी हात वर नेला, बोटाच्या टोकानं ती तीट चाचपली आणि हात खाली घेतला.

"अगदी उजवीकडे," सर म्हणाले, आणि पिशवी उचलून तसेच एसटीकडे चालू लागले.